हॅटवाल्याचे वेड आणि पाऱ्याचे विष

एखादा माणूस विक्षिप्त वागू लागला की जुन्या वळणाचे इंग्रज लोक त्याला ‘मॅड अ‍ॅज अ हॅटर’ म्हणत. शब्दशः अर्थ घ्यायचा तर ‘हॅट बनवणाऱ्यासारखा वेडा’. आपण ज्याला ठार वेडा, चक्रम किंवा डोके फिरलेला म्हणतो, त्याच्यासाठी हा वाक्प्रचार. लहानपणी अ‍ॅलिसची गोष्ट वाचलेल्यांना त्यातला चहा पीत बसलेला, भलत्याच गप्पा मारणारा हॅटवालाही आठवत असेल.

पण वेडेपणा सांगायला हॅटवालाच का? शिंपी, सुतार, लोहार, चांभार हे सारे कारागीर इंग्लंडमध्येही होतेच. त्यांना सोडून टोपी करणाऱ्याच्या माथी वेड का मारले गेले? आणि आरोग्याच्या सदरात इंग्रजी भाषेची ही उठाठेव कशासाठी, असेही काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर असे की ज्या धंद्याकडे हा वाक्प्रचार बोट दाखवतो, त्या धंद्यातील माणसे खरोखरच आजारी पडत होती. त्यांचे हात कापत, झोप उडे, स्वभाव बदलून जाई. त्यामागे एक विष होते. ते म्हणजे पारा. हॅटच्या कारखान्यांतून तो गेला, परंतु आपल्या घरांतून अजून पुरता गेलेला नाही. म्हणून ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

वाक्प्रचार किती जुना?

छापील स्वरूपात हा वाक्प्रचार १८२९ साली स्कॉटलंडमधील ‘ब्लॅकवुड्स’ या मासिकात आढळतो. त्यानंतर थोड्याच वर्षांनी कॅनडातील लेखक थॉमस हॅलिबर्टन यांच्या ‘द क्लॉकमेकर’ या पुस्तकात तो येतो, पण तिथे त्याचा अर्थ ‘संतापलेला’ असा आहे. इंग्रजीत ‘मॅड’ या शब्दाला वेडा आणि रागावलेला असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्याकडे राग आला की ‘पारा चढला’ म्हणतात. ते अर्थात थर्मामीटरवरून आले आहे. परंतु हॅटवाल्यांच्या बाबतीत मात्र पारा खरोखरच अंगात भिनत होता आणि त्यांच्या चिडखोरपणाला तोच कारण होता.

या वाक्प्रचाराला जगभर पोहोचवले ते १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या पुस्तकाने. लेखक लुई कॅरोल यांचे खरे नाव चार्ल्स डॉजसन. ते ऑक्सफर्डला गणित शिकवत. गंमत अशी की त्यांनी पुस्तकात या पात्राला नुसते ‘हॅटर’ म्हटले आहे. ‘मॅड हॅटर’ हे नाव वाचकांनी दिलेले. त्याच्या जोडीला चहाला बसलेला ससा आहे, तोही असाच एका जुन्या म्हणीतून आलेला. ‘मार्च महिन्यातल्या सशासारखा वेडा’ ही म्हण इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. लेखकाने दोन वेड्या म्हणी घेतल्या आणि त्यांना एका टेबलाभोवती बसवले.

सशाची लव आणि पाऱ्याचे पाणी

आता कारखान्यात जाऊ. साहेबी हॅट ज्या कापडाची करतात ते विणलेले नसते. त्याला फेल्ट म्हणतात. आपल्याकडे घोड्याच्या खोगिराखाली घालण्याचा नमदा असतो, त्याच जातीचा हा प्रकार. लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात धुतला तर तो आटतो, घट्ट होतो आणि पुन्हा पसरत नाही, हे गृहिणींना ठाऊक आहे. प्रत्येक केसावर अगदी बारीक खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि केसांचा घट्ट थर तयार होतो. फेल्ट तयार होतो तो याच गुणावर.

उत्तम हॅटसाठी बीव्हर नावाच्या प्राण्याची लव वापरत. नदीकाठी राहणाऱ्या या प्राण्याची लव आपोआप चांगली गुंतते. परंतु हॅटच्या हौसेपायी बीव्हरची इतकी शिकार झाली की तो दुर्मिळ आणि महाग झाला. मग कारागीर ससा आणि रानससा यांच्या लवेकडे वळले. ही लव स्वस्त, पण सरळ आणि गुळगुळीत. ती नीट गुंतेना. यावर उपाय सापडला तो पाऱ्याचा.

पारा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून जे पाणी तयार होई ते सशाच्या कातड्यावरील केसांना ब्रशने लावत. त्यामुळे केसांची टोके खरखरीत होत, वळत आणि मग ती चटकन गुंतत. वाळल्यावर केसांच्या टोकांना गाजरासारखा तांबूस रंग येई, म्हणून इंग्रज कारागीर या कामाला ‘कॅरटिंग’ म्हणजे जवळजवळ ‘गाजर करणे’ असे म्हणत. फ्रान्समध्ये या कृतीचे नाव ‘गुपित’ या अर्थाच्या शब्दावरून पडले होते. फ्रान्समधून धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी हे गुपित सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नेले असे सांगितले जाते.

हे पाणी लावण्यापुरतेच काम असते तर गोष्ट वेगळी होती. पण पुढे केस कातरायचे, ते पिंजायचे, त्यांचा मोठा शंकू करायचा, तो कढत पाण्यात घालून आटवायचा, वाफेवर साच्यात बसवायचा, वाळवायचा. प्रत्येक टप्प्याला पाऱ्याची धूळ उडे किंवा उष्णतेने त्याची वाफ होई. थंडीच्या देशात दारे-खिडक्या बंद असत. कामगार दिवसाचे बारा बारा तास तीच हवा ओढत. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, नाका-डोळ्यांना झोंबत नाही. त्यामुळे आपण विष ओढतो आहोत हे कुणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते.

आधी हात, मग स्वभाव

काही महिन्यांत किंवा वर्षांत त्रास सुरू होई. प्रथम हिरड्या सुजत, दुखत, तोंडाला लाळ सुटे, दात हलू लागत. मग बोटांना बारीक कंप येई. पापण्या, ओठ, जीभ थरथरू लागे. पुढे तो कंप हाताभर, पायाभर पसरे. चहाची कपबशी तोंडाशी नेता येईना, सही करता येईना, सदऱ्याची बटणे लावता येईनात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी हे गाव हॅटसाठी प्रसिद्ध होते. तेथे १७८० च्या सुमारास सुरू झालेला हा धंदा इतका वाढला की गावाला ‘हॅटचे शहर’ असे नाव पडले. हा कंपही तेथे इतका नित्याचा झाला की लोक त्याला ‘डॅनबरी शेक्स’, म्हणजे डॅनबरीची थरथर, असेच म्हणू लागले.

हात कापतो हे दिसते तरी. स्वभाव बदलतो ते आजार म्हणून दिसत नाही. पाऱ्याच्या वाफेने मेंदूवर होणाऱ्या परिणामाला वैद्यकात ‘इरेथिझम’ म्हणतात. एरवी मनमोकळा असलेला माणूस लाजाळू, बुजरा होतो. चार लोकांत जायला नको म्हणतो. कुणी काम करताना पाहत उभे राहिले तर गोंधळतो, घाम फुटतो, चेहरा लाल होतो. लहानसहान गोष्टींवर भडकतो. झोप लागत नाही. नावे आठवत नाहीत. मन उदास राहते. क्वचित भास होण्यापर्यंतही मजल जाते.

अशा माणसाला घरचे काय म्हणतील? ‘हल्ली फार चिडचिडा झालाय’, ‘माणूसघाणा झालाय’ असेच म्हणतील. हात कापतो, तोल जातो म्हटल्यावर शेजारी ‘पीत असेल’ म्हणतील. हॅटवाल्यांच्या बाबतीत असेच झाले. त्यांचा आजार हा त्यांचा स्वभाव मानला गेला, नाहीतर दारूचा परिणाम. आजारी माणूस स्वतःही स्वतःलाच दोष देई. विष मात्र भिंतीआड शांतपणे काम करत राही.

मग वाक्प्रचार खरोखर यावरूनच आला का?

येथे थोडे सावध राहायला हवे. पाऱ्यामुळे हॅटवाले आजारी पडत हे पूर्णपणे सिद्ध झालेले आहे. पण वाक्प्रचार त्यावरूनच पडला याविषयी भाषेच्या अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ‘हॅटर’ हा मूळ शब्दच नव्हे, जुन्या इंग्रजीतील साप किंवा विष या अर्थाच्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. काही जण रॉजर क्रॅब या माणसाकडे बोट दाखवतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधील चेशम गावी त्याचे हॅटचे दुकान होते. त्याने सारी मालमत्ता गरिबांना वाटून टाकली आणि तो रानातला पालापाचोळा खाऊन राहू लागला. लोकांनी त्याला वेडा ठरवले.

अ‍ॅलिसच्या गोष्टीतील हॅटवाल्याचीही वैद्यकीय तपासणी झाली आहे! १९८३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वॉल्ड्रन या तज्ज्ञांनी असे दाखवून दिले की गोष्टीतला हॅटवाला बडबड्या आणि धीट आहे, तर पारा बाधलेला माणूस बुजरा असतो. तेव्हा निदान त्या पात्राला तरी पाऱ्याची बाधा झालेली नव्हती. ऑक्सफर्डमध्ये थिओफिलस कार्टर नावाचा एक विक्षिप्त फर्निचरविक्रेता होता, त्याच्यावरून हे पात्र सुचले असे काही जण मानतात.

वाक्प्रचाराचा उगम कोणताही असो, एक गोष्ट खरी की रोजच्या बोलण्यात लोक हॅटवाल्याच्या वेडावर हसत होते, त्याच काळात खरे हॅटवाले त्या आजाराने खंगत होते. ज्या गोष्टीवर आपण हसतो तिचे कारण शोधायचे आपल्याला सहसा सुचत नाही.

‘तुम्ही काम काय करता?’

कारण शोधणारे लोक मात्र होते. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणारे सोनार आणि व्हेनिसजवळील मुरानो बेटावर पारा लावून आरसे करणारे कामगार यांच्या आजारांचे वर्णन आहे. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत वैद्याने आणखी एक प्रश्न विचारावा, ‘तुम्ही काम काय करता?’, असे रामाझिनी यांनी सांगितले. आज व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचे ते जनक मानले जातात ते यामुळेच.

हॅटवाल्यांविषयी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील डॉ. फ्रीमन यांनी १८६० साली लिहिले. हा आजार पाऱ्याचा आहे, हवा खेळती ठेवली तर तो कमी होईल, असे त्यांचे सांगणे होते. कारखानदारांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या धाडसी बाईंनी विषारी धंद्यांचा अभ्यास सुरू केला. त्या स्वतः कारखान्यांत जात, कामगारांच्या घरी जात. हॅटच्या धंद्याचाही त्यांनी अभ्यास केला. १९१९ साली हार्वर्ड विद्यापीठात नेमणूक झालेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक.

पुढे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने कनेक्टिकटमधील कारखान्यांत तपासणी केली, तेव्हा दर दहा कामगारांमागे साधारण एकाला पाऱ्याची बाधा झालेली आढळली. अखेर डिसेंबर १९४१ मध्ये तेथील हॅटच्या धंद्यातून पारा हद्दपार झाला. त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दुसरी रसायने वापरून काम भागते हे तोपर्यंत सिद्ध झालेच होते. आणि खरे सांगायचे तर आणखीही एक कारण होते. महायुद्ध पेटले होते आणि स्फोटके उडवण्याच्या टोप्यांसाठी सैन्याला पारा हवा होता. डॉ. फ्रीमन यांच्या लेखाला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती.

पारा शरीरात शिरतो कसा?

पारा हा साध्या तापमानाला द्रव असणारा एकमेव धातू. पाण्याच्या साडेतेरा पट जड. जमिनीवर सांडला की त्याचे चकचकीत मणी होऊन पळतात. त्याला पाहून मुलांना खेळण्याचा मोह होतो. पण पाण्यासारखाच तोही सावकाश हवेत उडत असतो, आणि उष्णता मिळाली की फारच वेगाने.

लोकांना पारा पोटात जाण्याची भीती वाटते, श्वासातून जाण्याची वाटत नाही. खरा प्रकार उलटा आहे. थर्मामीटर चावून थोडा पारा गिळला गेला तर आतड्यातून तो जवळजवळ शोषलाच जात नाही, शौचावाटे बाहेर पडतो. तेथे काचेच्या तुकड्यांची काळजी जास्त. मात्र पाऱ्याची वाफ श्वासातून आत गेली तर तिचा सुमारे ऐंशी टक्के भाग फुप्फुसातून थेट रक्तात उतरतो आणि तेथून मेंदूत व मूत्रपिंडांत पोहोचतो. हॅटवाल्यांनी पारा खाल्ला नव्हता, ओढला होता.

पाऱ्याचे क्षार ही दुसरी जात. ते त्वचेतून व पोटातून शिरतात आणि मुख्यतः मूत्रपिंडांवर घाव घालतात. तिसरी जात सेंद्रिय पाऱ्याची. ती सर्वांत घातक. जपानमधील मिनामाता येथे एका रसायन कारखान्याने पारा समुद्रात सोडला, तो माशांत साठला आणि ते मासे खाणाऱ्या हजारो लोकांच्या मज्जासंस्था निकामी झाल्या. हा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

आपल्या घरातला पारा

आपल्याकडे फेल्टच्या हॅट कुणी करत नाही. तरी पुढील ठिकाणी लक्ष असावे.

थर्मामीटर व रक्तदाबाचे यंत्र : काचेच्या तापमापकात अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. डॉक्टरांच्या जुन्या, उभ्या पट्टीच्या रक्तदाबयंत्रात तो ऐंशी ते शंभर ग्रॅम असतो. मिनामाता करारानुसार अशी साधने बनवणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले असून आता अंकी म्हणजे डिजिटल साधने सर्वत्र मिळतात. पण जुना थर्मामीटर अजून पुष्कळ घरांच्या कपाटात असतो. तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. असे थर्मामीटर बनवणाऱ्या कामगारांचा प्रश्न आपल्या देशातही उभा राहिला होता. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ साली बंद झाला आणि तेथील ५९१ माजी कामगारांबरोबर कंपनीचा समझोता व्हायला २०१६ साल उजाडले.

धान्यातील पाऱ्याच्या गोळ्या : गहू-तांदळाला कीड लागू नये म्हणून डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्या फुटून धान्यात मिसळतात, कधी दळणात जातात, कधी मूल तोंडात घालते. कडक ऊन दाखवणे, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे आणि डबा घट्ट लावणे हे जुनेच उपाय पुरेसे आहेत. ज्या घरात पाऱ्याच्या गोळ्या आहेत त्यांनी त्या काढून टाकाव्यात.

गोरे करणारी क्रीम : सध्याचा सर्वांत मोठा धोका हाच आहे. पाऱ्याचे क्षार त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे पंधरा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो. भारतात पारा घालून सौंदर्यप्रसाधने बनवण्यास बंदी आहे. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. तरीही परदेशी लेबलाची किंवा बिनलेबलाची क्रीम चोरवाटांनी विकली जातात आणि त्यांत या मर्यादेच्या हजारो पट पारा आढळलेला आहे. २०२३ साली केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम वापरणाऱ्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे डॉक्टरांनी उघडकीस आणले. त्याच सुमारास विदर्भातील एकाच घरातील तिघींच्या बाबतीत असाच प्रकार झाल्याचे वृत्त होते. त्यांनी वापरलेल्या क्रीममध्ये पारा निघाला.

अशा आजारात सकाळी डोळ्यांभोवती व संध्याकाळी पायांवर सूज येते, लघवीला फेस येतो, थकवा वाटतो. चेहऱ्याला लावलेल्या मलमाने मूत्रपिंड बिघडेल असे कुणाला वाटणार? म्हणूनच निदान लांबते. क्रीम वेळीच बंद केले तर बहुतेकांचे मूत्रपिंड सुधारते, हाही केरळमधील अनुभव आहे. डबीवर मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द दिसले तर ती वापरू नये. घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसेल तर तीही वापरू नये. हा पारा टॉवेल, उशी आणि हातांवाटे घरातील लहान मुलांपर्यंतही जातो. याच कॅलोमेलची पूड इंग्लंडमध्ये दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना लावत. त्यातून बाळांना हातपाय गुलाबी पडून सोलणारा, फार चिडचिड करवणारा आजार होई. १९५० नंतरच्या दशकात ती पूड बाजारातून गेली आणि तो आजारही गेला.

औषधे : काही रसौषधींत पारा असतो. ती शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नयेत.

दिवे आणि दात : ट्यूबलाइट व सीएफएल दिव्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो. दिवा फुटला तर खोलीच्या खिडक्या उघडून पंधरा मिनिटे बाहेर थांबावे. दातांत भरलेल्या चांदीत निम्मा पारा असला तरी तो इतर धातूंशी बांधलेला असतो. चांगली बसलेली चांदी घाबरून उकरून काढू नये. उकरतानाच जास्त वाफ सुटते.

थर्मामीटर फुटला तर

एक थर्मामीटर फुटल्याने घरातील कुणी हॅटवाल्यांसारखे आजारी पडत नाही. घाबरू नये, पण पारा तसाच पडूही देऊ नये.

१. मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर न्यावे. खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा.

२. हातातील अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्यात. पारा सोन्याला लागला की सोने पांढरे पडते आणि ठिसूळ होते.

३. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात वापरू नये. केरसुणीने मण्यांचे बारीक कण होऊन ते घरभर पसरतात आणि यंत्राने त्यांची वाफ होते.

४. हाताला प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजा घालून काचा उचलाव्यात. दोन जाड कागदांनी मणी एकत्र लोटावेत. उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत. टॉर्च आडवा धरला की फटीतले कण चमकतात.

५. सर्व पारा झाकणाच्या बाटलीत घालून वर थोडे पाणी ओतावे व झाकण घट्ट लावावे. मोरीत, संडासात किंवा चुलीत टाकू नये. नगरपालिकेचा घातक कचरा जेथे घेतात तेथे द्यावा, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात विचारावे.

६. पारा लागलेले कपडे यंत्रात धुऊ नयेत. दिवसभर खोलीत हवा खेळू द्यावी.

पारा खेळण्यासाठी बाटलीत जपून ठेवणे, किंवा सोने-चांदी काढण्यासाठी घरातल्या भांड्यात तो तापवणे, हे तर कधीही करू नये. बंद खोलीत तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेने काही तासांत फुप्फुसे सुजून माणूस दगावू शकतो.

डॉक्टरांना काय सांगावे?

हात कापणे, झोप उडणे, विसरभोळेपणा आणि चिडचिड यांची कारणे अनेक असतात. थायरॉइड, कंपवात, मनाचे आजार, दारू ही त्यांतली नेहमीची. प्रत्येक थरथर पाऱ्याची नसते. परंतु डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न विचारताही सांगाव्यात. आपण काम काय करतो, त्या कामात कोणती धूळ, धूर किंवा रसायन असते, आणि आपण अंगाला काय लावतो व पोटात कोणती औषधे घेतो. मुलामा देणारे, जुनी यंत्रे दुरुस्त करणारे, दिव्यांचा भंगार गोळा करणारे यांनी तर हे आवर्जून सांगावे. संशय आला तर रक्ताची आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून पाऱ्याचे प्रमाण कळते. पहिला उपचार म्हणजे पाऱ्यापासून दूर होणे. वेळीच दूर झाल्यास कंप आणि चिडचिड बहुधा कमी होते. उशीर झाल्यास काही दोष कायमचा राहू शकतो. शरीरातून पारा काढणारी औषधे आहेत, पण ती रुग्णालयातच, तज्ज्ञांच्या हातून घ्यायची असतात.

घरातले एखादे माणूस काही महिन्यांत बदलले, शांत होते ते चिडके झाले, बोलके होते ते कोपऱ्यात बसू लागले, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी ते दिवसभर कोणत्या हवेत राबते याची चौकशी करावी. हॅटवाल्यांची ती चौकशी वेळेवर झाली नाही. लोकांनी त्यांच्यावरून म्हण केली आणि कारखाने तसेच चालू राहिले.